तानाबे सरांचं पत्र

अतिनील दिवा धरताच पत्राचा डावा कोपरा निळसर चमकला. जुना कागद असा चमकत नाही. कागद शुभ्र दिसावा म्हणून हल्ली घालतात ते रसायन चमकतं. कागद तपासायला आलेल्या रुचाने दिवा पुन्हा फिरवला. निळेपण हटेना.

सत्त्याण्णव वर्षांच्या जपानी इतिहासकार तानाबे सरांचा अख्खा ग्रंथ या एका पत्रावर उभा होता. उद्या इथेच, नेवाशात, त्यासाठीच त्यांचा सत्कार होता.

"सर, हे तीनशे वर्षांपूर्वीचं नाही."

"रुचाबाई, इतकी वर्षं कुणी दिवा आणलाच नाही," सर हसले. मग हसू विझलं. "मला तीस वर्षं संशय आहे. बोललो असतो, तर सगळं आयुष्य पाण्यात गेलं असतं."

बाहेर मांडवाच्या खुंट्या ठोकत होते. प्रत्येक घावाला सर दचकत होते.

"मग उद्या?"

सरांनी तिच्या हातातला दिवा बंद केला.

"हार घालण्याआधी माईक मला द्या. पत्र बनावट आहे, हे मीच सांगेन."