चौदा कप चहा

बत्तिसाव्या वर्षी, एक डिग्री पदरात असताना, गळ्यात पुन्हा ‘शिकाऊ’ अशी पट्टी अडकवून फिरायचं आणि वर्गातल्या बाविशीच्या पोरांनी “ताई, नोट्स द्या ना” म्हणून मागे लागायचं, यात कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? ताई आठ आठवडे धुमसतच होती. पहिली डिग्री संख्याशास्त्राची. विमा कंपनीत बसून तिने सहा वर्षं माणसांचे आकडे केले, आणि एक दिवस तिला त्याची शिसारी आली. नोकरी सोडून ती ऑक्युपेशनल थेरपी शिकायला लागली. आजारातून उठलेल्या माणसाला आपली अंघोळ, आपले कपडे, आपला स्वयंपाक पुन्हा आपलं आपल्याला करता यावं असं शिकवायचं, असलं ते काम. वडिलांनी कपाळाला हात लावला होता. “एवढं शिकून आता लोकांना बटणं लावायला शिकवणार?”

हॉस्पिटलातली उमेदवारी संपायला चार दिवस उरले होते. शिकवणाऱ्या मॅडमची एक सही झाली की ती सुटणार होती. नेमका तेव्हाच आजींचा चहा आडवा आला.

आजींना अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला होता. डाव्या हातात जोर कमी, पण बाई चालत-बोलत होत्या. घरी एकट्याच राहायच्या. यापुढे एकट्या राहू शकतील की नाही, हे एका चाचणीवर ठरायचं होतं: सरावाच्या स्वयंपाकघरात एक कप चहा करून दाखवायचा. नाही जमला तर मुलगा त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार होता. आश्रमही त्याने बघून ठेवला होता, तत्पर माणूस!

मंगळवारी चाचणी झाली. “आजी, एक कप चहा करा,” ताई म्हणाली. आजींनी समोरचं छोटं पातेलं बाजूला सारलं, दाराबाहेर एकदा नजर टाकली, काहीतरी पुटपुटल्या आणि खालच्या कपाटातून सगळ्यांत मोठं पातेलं ओढून काढलं. त्यात मगाने पाणी ओतलं. चमचा तिथेच होता, त्याला हातसुद्धा लावला नाही. पूड मुठीने, साखर मुठीने. पातेलंभर चहा उकळला. ताईने भराभर फॉर्म भरला: प्रमाणाचं भान नाही. सांगितलेलं लक्षात राहत नाही. स्वतःशी बोलतात. एकटं राहणं सुरक्षित नाही. दारात उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, “छान निरीक्षण.” आणि ताई, अहो, खूश झाली! लाज वाटायला हवी होती तिथे बाई खूश झाली.

गुरुवारी वॉर्डातल्या मावशी समोर आल्या. “ताई, परवाचा चहा कुणी केला हो? तुम्ही ओतून द्या म्हणालात, पण मी बाहेर बाकावरच्या लोकांना वाटून टाकला. काय चहा होता! ना साखर जास्त, ना पूड कमी. शिवाय बाकावरच्या सगळ्यांना पुरला, वर तीनच कप उरले.”

ताई जागच्या जागी थांबली. भान नसलेल्या बाईचा चहा असा कसा होईल? ती तडक आजींच्या खाटेशी गेली.

“आजी, आजारी पडायच्या आधी तुम्ही काय करायचात?”

“कारखान्याचं कँटीन चालवायचे. एकतीस वर्षं. एका पाळीला दोनशे माणसं.”

“मग त्या दिवशी एवढा चहा का केलात?”

“का म्हणजे? बाहेर बाकावर अकरा माणसं होती. वर तू, ती दारातली आणि मी. चौदा झाले. एवढ्यांच्या तोंडावर एकटीने घोट घ्यायचा?”

त्या पुटपुटत नव्हत्या, माणसं मोजत होत्या! ताईने फाइल उघडली. ‘व्यवसाय’ या रकान्यात मुलाने लिहिलं होतं, ‘काही नाही’. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. माणूस काय करतो, हा या शिक्षणातला पहिला प्रश्न. तो न विचारता तिने हा रकाना मुकाट्याने उतरवून घेतला होता.

तशीच ती मॅडमकडे गेली आणि अहवाल बदलू द्या म्हणाली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “अहवाल वर गेलाय. तीन वाजता बैठक आहे. आता शब्द फिरवलास तर तुझं निरीक्षण भरवशाचं नाही असं मला लिहावं लागेल. मग पुन्हा आठ आठवडे, तेही पुढच्या वर्षी. विचार कर.”

बैठकीत आजी कोपऱ्यात बसल्या होत्या आणि सगळे त्यांच्याविषयी त्या नसल्यासारखे बोलत होते. “आईला आताशा काही कळत नाही हो,” मुलगा म्हणाला.

ताई ताडकन उठली. “कळलं नाही ते मला. अहवाल माझा आहे आणि तो चुकीचा आहे.” तिने सगळं सांगितलं. मग मुलाकडे वळली. “दोनशे माणसांना खाऊ घालता घालता यांनी तुम्हाला वाढवलं. आणि तुम्ही लिहिता, काही नाही?”

“म्हणजे... कँटीन... ते काय सांगायचं लोकांना,” मुलगा खाली बघत म्हणाला.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. “आजी, आपल्या सगळ्यांना चहा मिळेल?”

सगळी वरात स्वयंपाकघरात गेली. आजींनी दाराबाहेर पाहिलं, बाक रिकामा होता. आतली माणसं मोजली, पाच. या वेळी मधलं पातेलं घेतलं. पाच कप भरले आणि पातेल्यात थेंब उरला नाही. आजी घरी जाणार हे तिथेच ठरलं. मॅडमनी चहा संपवला, छान झालाय म्हणाल्या आणि ताईच्या कागदावर ‘पुन्हा करावे’ असं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी ताई निरोप घ्यायला गेली. आजी खाटेवर बसून घरच्या झग्याची बटणं लावत होत्या. डावा हात सारखा निसटत होता. आजी दोन गोड शब्द बोलतील अशी ताईला आशा होती, खोटं कशाला बोला?

“तुला परत शिकायला लावलं म्हणे,” आजी मान वर न करता म्हणाल्या.

“हो.”

“बरं झालं. आधी विचारायला शीक. तुझ्या त्या कागदापायी दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझा.”

ताईचे डोळे भरून आले. काहीतरी करावं म्हणून तिने बटणाला हात घातला. आजींनी तो फाडकन झटकला.

“हात काढ. माझं मी लावते.”

ताई हात मागे बांधून उभी राहिली, शेवटचं बटण लागेपर्यंत.