अडीनडीची कोठी

जबलपूरला घमापूरच्या एका गल्लीत तेव्हा स्वयंपाकाला लागणारी प्रत्येक मराठी बाई आधी मूठभर धान्य बाजूला काढायची. एक दिवस गहू, एक दिवस हरभरा. शनिवारी ते सगळं अंजनीबाईंच्या स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या कोठीत जायचं. कोठीचे दोन कप्पे होते, वर घट्ट झाकण, झाकणाला कुलूप, आणि कुलपाची चावी अंजनीबाईंच्या मंगळसूत्रात.

चीनच्या लढाईच्या हिवाळ्यात एका घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला. गल्लीनं आळीपाळीनं त्या घरी डबे पोचवले. तेव्हाच राधाबाई म्हणाल्या होत्या, "दर वेळी धावाधाव कायले? आधीच काढून ठेवत जा ना." राधाबाई गल्लीत सगळ्यांत वडील. त्यांनी सांगितलं आणि कोठी सुरू झाली. नियम एकच होता, संकट असल्याशिवाय दाणा काढायचा नाही.

अंजनीबाईंनी तो नियम असा पाळला की लोक हसायचे. कडुनिंबाचा पाला बदलायचा, धान्याला ऊन दाखवून परत भरायचं, पण दाणा कमी होऊ द्यायचा नाही. पासष्टच्या उन्हाळ्यात समोरच्या विभावरीबाईंच्या लतिकाचा साखरपुडा ठरला. नागपूरकडचे पाहुणे सांगितल्यापेक्षा दुप्पट आले. विभावरीबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "पायलीभर गहू द्या, रविवारी परत टाकते." अंजनीबाई म्हणाल्या, "साखरपुडा काही संकट नाही." नंतर स्वतःच्या डब्यातले गहू त्यांनी नेऊन दिले, पण बोललेलं वाक्य काही परत घेता आलं नाही. तेव्हापासून विभावरीबाई शनिवारचं धान्य शेजारणीच्या हाती पाठवू लागल्या.

मग त्याच साली पाकिस्तानशी लढाई आली. गल्लीतले बहुतेक पुरुष लष्कराच्या फॅक्टरीत, एखाद-दुसरा रेल्वेत. रात्रंदिवस पाळ्या सुरू झाल्या. सायकलींवरून माणसं काळवंडलेली यायची, जेवायची, झोपायची, पुन्हा जायची. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लागले. पण ओव्हरटाइम असा मिळू लागला की दोन घरांत नवे रेडिओ आले. राधाबाई म्हणायच्या, "देशावर संकट, अन् आमच्या गल्लीत बरकत. काय बाप्पा जमाना!"

संकट आलं ते तुळशीरामवर. तुळशीराम टांगेवाला. सकाळी गल्लीतली पोरं शाळेत पोचवायचा. त्याची खरी कमाई संध्याकाळची, स्टेशनची आणि सिनेमाच्या शेवटच्या खेळाची. ब्लॅकआउट लागला आणि दिवे लागायच्या वेळेनंतर टांगा रस्त्यावर काढायची सोय राहिली नाही.

एका शनिवारी सकाळी पोरांना चढवताना तो अंजनीबाईंना म्हणाला, "बाईजी, सोमवार से बच्चों का दूसरा इंतजाम कर लीजिए. कल शहपुरा के बाजार में चमेली को बेच रहा हूँ."

"काहून? बरी नाही का ती?"

"बरी है. पर खाएगी क्या? आधे पेट गाड़ी खिंचवाऊँ तो पाप लगेगा."

अंजनीबाईंनी चमेलीकडे पाहिलं. लाल रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली ती घोडी. बरगड्या दिसू लागल्या होत्या. एरवी गल्लीत शिरली की त्यांच्या ओट्याकडे मान वळवायची, कारण तिथे भाजीचे देठ मिळायचे. आज मान खालीच होती.

दुपारी शनिवारचा अर्धा दिवस संपवून रामकृष्ण जेवायला आले. ते अंजनीबाईंचे यजमान, राज्य सरकारच्या ट्रेझरीत कारकून. ओव्हरटाइम नसलेला गल्लीतला एकटा माणूस. अंजनीबाईंनी वाढता वाढता विचारलं, "अहो, तुमच्या सरकारजवळ अडीनडीसाठी काही राखून ठेवलेलं असतं ना?"

"असतं. आकस्मिकता निधी म्हणतात त्याला."

"ते कधी काढते?"

"आधी ठाऊक नव्हता असा खर्च निघाला, अन् थांबून चालणार नाही, तेव्हा." रामकृष्णांना घरात आपल्या कामाबद्दल कोणी विचारत नसे. ते खुलले. "विधानसभा काही रोज बसत नाही. म्हणून आधी काढायचं, मग सभा बसली की तिच्यापुढं ठेवायचं. तिनं मंजूर केलं की जेवढं काढलं तेवढं परत भरायचं. संपवून बसायची नसते ती पुंजी."

"अन् ते फक्त माणसांसाठीच?"

"म्हणजे?"

"जनावरासाठी काढलं तर?"

रामकृष्णांचा घास हातात राहिला. "दुष्काळात सरकार चारा देतंच की. बैल कधी मत टाकायला येते? पण बैल मेले तर पुढच्या साली नांगर कोण ओढील? कोणाचा घोडा आजारी पडून राहिला?"

"आजारी नाही. उपाशी आहे," अंजनीबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाजार उद्याचा होता आणि गल्लीतल्या बायका संध्याकाळशिवाय एकत्र यायच्या नाहीत. वाट लांबची, तोपर्यंत तुळशीराम चमेलीला घेऊन शहपुऱ्याच्या वाटेला लागला असता. त्यांनी कुलूप काढलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला द्यायला म्हणून हरभऱ्याच्या कप्प्यातून धान्य उपसून पोत्यात भरलं आणि रामकृष्णांच्या सायकलीवर लादून तुळशीरामच्या घरी पाठवलं.

सायकल गल्लीतून गेली ती विभावरीबाईंच्या दारासमोरून.

संध्याकाळी कागद लावायच्या आधी, उजेड होता तोवर, बायका अंजनीबाईंच्या ओट्यावर जमल्या. अंजनीबाईंनीच बोलावलं होतं. त्या काही बोलायच्या आत विभावरीबाई म्हणाल्या, "माझ्या लतिकाच्या साखरपुड्याला कोठी उघडली नाही, अन् घोडीसाठी उघडली! घोडी मेंबर केव्हा झाली हो?"

एक-दोघी हसल्या. अंजनीबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण त्या सरळ म्हणाल्या, "मी न विचारता काढलं. आता विचारते. तुम्ही नाही म्हणाल तर घरचा हरभरा भरते, अन् ही चावी दुसरी कोणी घ्या."

चावी त्यांनी मंगळसूत्रातून काढून चटईवर ठेवली. तीन वर्षं ती गळ्यात होती, आणि ती कोणी खरंच उचलली तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

गल्लीतल्याच शकुला नववा महिना लागला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "हे तर पाळीवर. माझं भरदिवसा दुखायला लागलं तर दवाखान्यात कोण नेईल मला? सायकलीवर बसू?"

"अगं, तुले तर आता खाटेवरही धड बसता येत नाही," राधाबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. "शकुची घोडी, आपल्या पोरांची घोडी. माझ्याकडून मंजूर."

एकेक करून सगळ्या हो म्हणाल्या. राहिल्या विभावरीबाई. त्या चावीकडे पाहत होत्या.

"घोडीला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "मुकं जनावर आहे. पण एक सांगा, संकट कोणतं अन् कोणतं नाही, हे एकटीनंच ठरवायचं का? माझ्या दारात पाहुणे उभे होते अन् पिठाचा डबा रिकामा होता, तेव्हा लतिकाचं जमलेलं मोडते की काय, असं झालं होतं मला. तुम्हाला माझा चेहरा दिसला नाही."

बोलणं खरं होतं, हे अंजनीबाईंना कळलं. गहू त्यांनी दिले होते, पण त्या दिवशी विभावरीबाईंच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नियमाकडे पाहिलं होतं.

"नाही दिसला, विभावरीताई," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

दारात उभे असलेले रामकृष्ण खाकरले. "बोलू का? आमच्या ट्रेझरीत तिजोरीला डबल लॉक असतो. दोन कुलपं, दोन माणसांजवळ दोन चाव्या. दोघं हजर असल्याशिवाय उघडत नाही."

"भाऊजी, तुम्ही घरात जा," विभावरीबाई म्हणाल्या. "बायकांची विधानसभा सुरू आहे." मग म्हणाल्या, "पण दुसरं कुलूप मी घेऊन येते. आमच्या ट्रंकेचं आहे, अलीगढचं, पक्कं."

रविवारी चमेली बाजाराला गेली नाही. सोमवारी पोरं टांग्यातूनच शाळेत गेली. महिनाभर प्रत्येक घरातून एका मुठीऐवजी दोन मुठी हरभरा आला आणि कप्पा पुन्हा भरला.

लढाई थांबली, कागद निघाले, शकुला मुलगी झाली. कोठीला दोन कुलपं तशीच राहिली. दर शनिवारी दुपारी विभावरीबाई पदराला चावी बांधून रस्ता ओलांडायच्या आणि बाहेरूनच ओरडायच्या, "आहे का खजिनदारीण घरी?" अंजनीबाई तोवर चहाचं आधण ठेवून बसलेल्या असायच्या. झाकण उघडून धान्य ओतायला असा किती वेळ लागतो? पण विभावरीबाई परत घरी जाईपर्यंत समोर लतिकानं दिवा लावलेला असायचा.