कानशीने घासलेला सूर

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझा भाता उंदरांनी कुरतडलाय, म्हणून हळूच सांगते.

सागाचं अंग आणि पितळी पट्ट्यांचे सूर घेऊन मी मुंबईच्या एका कारखान्यात जन्मले. एका रेल्वे गार्डांनी मला नागपूरकडच्या पांढुर्ण्यात आणलं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गावात त्यांचं एकच घर. शुक्रवारी सांजवेळी दिवा लागला की ते इब्री, म्हणजे हिब्रू प्रार्थना गात. त्यांच्या विसाव्याच्या त्या दिवशी वाद्य वर्ज्य, म्हणून मला कुणी हात लावत नसे. मी कोपऱ्यातून ऐकत असे. त्यांचा कोमल रिषभ, म्हणजे उतरता ‘रे’, माझ्या रिषभाहून केसभर खाली लागे, भैरव रागातल्यासारखा, रडू गिळून म्हटलेला.

ते देवाघरी गेले. त्यांचे चिरंजीव हाईमबाबू स्टेशनावर तिकिटं देत आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तन करत. त्यांनी माझं पोट उघडून त्या एका सुराची पितळी पट्टी बुडाशी कानशीनं घासली. थोडं घासायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. सूर वडिलांच्या सुराला टेकला तेव्हा त्यांनी मला हात जोडले. ही गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नाही.

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा देवीदास मला साथीला वाजवी. १९८४ साली शेजारच्या सौंसरच्या गणपतीत हाईमबाबूंनी वेगळंच आख्यान लावलं.

“मायबापहो, शंभर वर्षांमागं रशियात ज्यूंची घरं जाळली. माणसं जहाजानं अमेरिकेत गेली. बाप प्रार्थना गाणारा, पोरगा म्हणे मी नाटकात गाणी बांधतो. बाप चिडला. पण पोरानं सोबत नेलं काय? बापाचाच सूर!”

पुढे बसलेले संत्रेवाले यशवंतराव ओरडले, “काहून बाबू, गणपतीपुढं अमेरिकेचा नाच आणून राहिले का?”

“मी कायले आणू जी? तो सूर तुमच्या भैरवात आधीच बसून आहे.”

माझ्यावर आधी प्रार्थना वाजली, मग तीच चाल नाटकाच्या ठेक्यात. “साऱ्या अमेरिकेला त्या पोरांनी गुणगुणायला लावलं,” हाईमबाबू म्हणाले, “पण नाटकांत स्वतःच्या ज्यू घराचं नाव क्वचितच घेतलं. बाप उरला तो सुरात. बापाचं रडणं लेकानं नाचवलं!”

यशवंतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. “पुढच्या सालीही हेच सांगजा.”

पण पुढच्या साली हाईमबाबूंच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आयुष्याचे दिवस थोडेच उरले होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘देवीदास, आख्यान तू वाच. प्रार्थना पेटी म्हणेल.’

बाबूजींच्या शेवटच्या कीर्तनाला पेटी नव्यासारखी हवी, म्हणून त्यांना न सांगता देवीदास मला नागपूरला घेऊन गेला.

“हा सूर उतरला ना भाऊ,” कारागीर म्हणाला. “किती वर्षं बेसूर वाजवून राहिले?”

देवीदासला ते कळत होतं. सूर वयानं झिजला असेल असं त्याला वाटे. बाबूजींना वाईट वाटेल म्हणून तो कधी बोलला नव्हता. “बदलून टाका,” तो म्हणाला. माझा सूर भंगाराच्या डब्यात पडला. कुणी भाता हलवल्याशिवाय मी मुकी, ओरडणार कशी?

सौंसरला मांडव भरला. देवीदासनं माझ्यावर प्रार्थना सुरू केली. रिषभ सरळ, स्वच्छ, कोरडा निघाला. हाईमबाबूंच्या चिपळ्या थांबल्या. जवळ येऊन त्यांनी रिषभाची वरची पट्टी स्वतः बोटानं दाबली. पुन्हा दाबली.

“नवा बसवला बाबूजी,” देवीदास हसून म्हणाला.

हाईमबाबूंनी पाटी ओढली. तिच्यावर लिहिलं, ‘छान.’ आणि शेवटपर्यंत चिपळ्या वाजवत उभे राहिले.

उठताना यशवंतराव म्हणाले, “औंदा रडू नाही आलं बा.”

दिवाळीआधीच हाईमबाबू गेले. माती देऊन परतल्यावर त्यांच्या बायकोनं देवीदासला खरं सांगितलं. तो तसाच नागपूरला धावला. भंगार केव्हाच विकलं गेलं होतं. मग त्यानं नव्या सुराला कानस लावली. पण तो सूर कुठे थांबतो, हे ज्यांच्या कानात होतं ते मातीत निजले होते. घासता घासता पितळी पट्टी तुटली. आता तिथून नुसता वारा जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण आधी वस्तूच्या माणसाजवळ बसून विचारा, हे असं का आहे? त्याला सांगता येतंय, तोवरच विचारा.