वहीतले चार अंश

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, पण माझ्या पोटात कधी आइस्क्रीम गेलेलं नाही. कारखान्यातून निघालो तो थेट डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. इंजेक्शनच्या बाटल्या थंड ठेवणं एवढंच माझं काम, आणि सोळा वर्षं ते मी इमानेइतबारे केलं. सुरुवातीला डॉक्टर पाहुण्यांना माझं दार उघडून दाखवायचे. आता माझ्या डोक्यावर सिस्टरांचा जेवणाचा डबा असतो.

माझं तापमान रोज बघून वहीत लिहायचं, असा इथला नियम आहे. सिस्टर सोमवारीच आख्ख्या आठवड्याचे आकडे लिहून मोकळ्या होतात. सगळीकडे चार अंश. मला ताप आला काय नि थंडी वाजली काय, वहीत मी ठणठणीत.

इथे एक पाथरवट यायचे. त्यांचा उजवा डोळा तरुणपणीच दगडाची कपची उडून गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्यात, ऊन आणि धूळ खाऊन, नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा वाढत चालला होता. एकदा कापला, तरी पुन्हा उगवला. म्हणून डॉक्टरांनी त्या मांसातच औषध टोचायचं ठरवलं. पहिल्या इंजेक्शनने लाली ओसरली, पडदा थांबला. पाथरवट लेकीला म्हणाले, "शाळेच्या कमानीवरची अक्षरं आता पुरी करतो बघ." ते ऐकून मला फार बरं वाटलं. त्यात माझाही वाटा होता ना!

पुढच्या महिन्यात एका शनिवारी फरशी घासायच्या यंत्रासाठी कुणीतरी माझा प्लग काढला आणि परत लावायचा विसरला. सोमवारी सिस्टर आल्या तेव्हा माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं होतं. ऊब लागून औषध निकामी झालेल्या बाटल्या फेकाव्यात तर वहीतले चार अंश खोटे ठरणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाणी पुसलं आणि प्लग लावला. बुधवारी त्यातलीच बाटली पाथरवटांच्या डोळ्यासाठी निघाली. मी गुरगुरलो, पण गुरगुरणं तर मी रोजच करतो.

महिन्याभराने पडदा बाहुलीपर्यंत आला होता.

"धुळीसाठी दिलेला चष्मा लावत नसणार तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"रोज लावतात हो. झोपतानाच काय तो काढतात," लेक म्हणाली.

"मग धुळीचा हात लागला असेल डोळ्याला."

पाथरवटांनी मान खाली घातली. "लागला असेल, साहेब. चुकलंच माझं."

सिस्टर फाईल हातात धरून शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ती पुढचं पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवली.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, भंगारात द्या हवं तर. फक्त तुमच्या हातून काही बिघडलं, तर ते त्याच दिवशी सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.