तिसऱ्या कुंडीचा आलेख

एलिदाने खोडरबर कागदावर टेकवला, तेवढ्यात इर्माबाईंनी तिचं मनगट धरलं.

"काय गं, काय पुसतेस?"

"तिसरी कुंडी, बाई. बघा ना, रेघ कशी पायऱ्या चढत गेलीय!"

बाईंनी चष्मा चढवला. तीन कुंड्यांत घेवडा. पहिला आठवडाभर सगळ्यांना पाणी. मग पहिलीला रोज, दुसरीला दिवसाआड, तिसरीला थेंबही नाही. तिसऱ्या रोपाने एव्हाना मान टाकायला हवी होती. पण स्वारी दर शनिवारी बोटभर वाढलेली!

"मोजताना चुकलीस?"

"दोन-दोनदा मोजलंय. आईशप्पथ!"

"मग राहू दे. दिसलं तेच मांडायचं."

"आणि सगळे हसले तर? कोचाबांबा शहरातल्या विज्ञान प्रदर्शनात शाळेतला एकच आलेख जाणारेय, बाई!"

अकरा वर्षांत बाईंच्या वर्गातलं एकही पोर तिथवर गेलं नव्हतं. तरी त्यांनी खोडरबर आपल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकला.

दुपारी पालकांनी भरलेल्या वर्गात निवडीला आलेल्या परीक्षकांची पेन्सिल नेमकी त्या पायऱ्यांवर थांबली.

"बिनपाण्याचं रोप, आणि शुक्रवार उलटला की वाढतं? ते कसं काय?"

"माहीत नाही, सर. पण मोजलंय खरं."

खसखस पिकली. एलिदाचे कान लाल झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून तिचे बाबा, मिनीबस चालवणारे फेर्मिन, टोपी चुरगाळत उठले.

"सर, घोटाळा माझा आहे. दर शुक्रवारी गाडीची पूजा करतो. बिअरचा पहिला घोट धरणीमातेला, आपल्या पाचामामाला. यंदा अंगणात सिमेंट घातलं, आता माती उरलीय ती पोरीच्या कुंड्यांतच."

"पण तिसरीतच का ओतलीत?"

"तीच तहानलेली दिसायची हो!"

सगळा वर्ग हसला, परीक्षक तर डोळे पुसायला लागले.

"बरं, किती ओतता? अंदाजे?"

"धरणीला का कुणी मोजून देतं, सर? आई आहे ती."

परीक्षकांनी मान डोलावली. "कोचाबांबाला हाच आलेख जाईल. फक्त एक चूक आहे, तेवढी सुधारा."

इर्माबाईंनी खिशातला खोडरबर काढून स्वतःच एलिदाच्या हातात ठेवला. पोरीने पायऱ्यांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग ती वाकली आणि रेघेला धक्काही न लावता, खाली लिहिलेल्या 'तिसरी कुंडी, पाणी शून्य' मधलं शून्य तेवढं तिने पुसून टाकलं.