सात घागरींची विहीर

श्रीकांतराव म्हणजे सगळं येणारा माणूस. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनीअर. बेळ्ळंदूरच्या सोसायटीतली लिफ्ट अडली तरी हेच पुढे, आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की ‘स्वल्प थांबा हो’ म्हणून हात आडवा! पण उपकार विसरणाऱ्यातले नव्हेत, एवढं मात्र खरं.

उपकार धापू नावाच्या एका बाईचे होते. नोकरीत असताना यंत्रांच्या चाचणीसाठी ते थारच्या वाळवंटात गेले आणि जीप वाळूत रुतली. दोन दिवस माणूस दिसला नाही. शेवटी धापूने त्यांना उंटावर घालून आपल्या ढाणीत, म्हणजे वाळूतल्या चार झोपड्यांच्या वस्तीत नेलं आणि पाणी पाजलं. म्हणून तर आज चालतेबोलते आहेत! ढाणीला विहीर एकच. रोज सकाळी सात घागरी काढायच्या आणि झाकण घालायचं, आठवी उद्या. का, म्हणून विचारलं तर धापू म्हणाली, ‘विहीर दमते.’ श्रीकांतरावांना हसू आवरेना.

निवृत्तीनंतर त्यांनी मुलाच्या, मकरंदच्या, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये धापूच्या विहिरीसाठी सौर पंप करून घेतला. मकरंद म्हणाला, ‘बाबा, आधी विहिरीची नीट तपासणी करू या का?’

‘तू मला शिकवू नकोस.’ झालं, विषय संपला.

गेल्या वर्षी त्यांनी स्वतः जाऊन पंप बसवला. पाण्याचा लोंढा बघून पोरं नाचली. धापू तेवढी विहिरीकडे बघत उभी राहिली. पाहुण्याने हौसेनं आणलेली वस्तू, नको कसं म्हणणार ती बाई?

यंदा आसपासच्या वस्त्यांसाठी आणखी दहा पंप तयार झाले. ते पाठवण्याआधी पहिल्याचं कौतुक डोळे भरून बघावं, म्हणून श्रीकांतराव यशवंतपूर स्टेशनवरून गाडीत बसले. पुढे जीप, मग उंट. दिवसभर नुसती वाळू, मधूनच खेजडीचं एखादं झाड. वाटेत एका मेंढपाळाने नाव-गाव न विचारता आपली अर्धी भाकरी पुढे केली. अशी माणसं तिथली.

धापू आता पार वाकली होती. तिने तांब्या दिला. पाणी गार, गोड.

‘पंप कसा चाललाय?’

‘तुझी भेट आहे, चांगलीच आहे,’ ती म्हणाली आणि भाकरीचं बघायला आत गेली.

तहान भागली नव्हती. स्वस्थ बसायचा स्वभाव कुठला? त्यांनी दाराजवळच्या दुसऱ्या मडक्यातून स्वतःच पाणी घेतलं. घोट तोंडात गेला आणि थुंकावाच लागला. खारटढोण! त्याच मडक्यातलं पाणी धापूची नात निमूट पीत होती.

ते विहिरीकडे धावले. पंप बंद होता. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी ओढणी नीट बांधलेली होती.

मग खोदून खोदून विचारल्यावर धापूने सांगितलं. वर पावसाचं गोडं पाणी, वीतभर. खाली सगळं खारं. सात घागरींनी खालचं हलत नसे. पंपाने दोन्ही ओढलं, आणि चार महिन्यांत विहीर नासली. आता गोडं पाणी सहा कोसांवरून येतं, आठवड्याला एक मडकं. ते पाहुण्यासाठी.

परतल्यावर श्रीकांतराव घरी न जाता थेट वर्कशॉपवर गेले. दारात टेम्पो उभा होता, दहाही पंप चढले होते. मकरंद हसत पुढे आला. ‘बाबा, काय म्हणाली तुमची धापू?’

त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ‘तू तपासणी करू म्हणत होतास. ती विहीर मी मारली, मकरंद.’

मकरंदने हमालांकडे वळून कानडीत हाक दिली, ‘अण्णा, एल्ला इळिसि.’ एकेक पेटी खाली उतरू लागली.

‘परत गोडी होईल ती विहीर, बाबा?’

‘मला नाही रे माहीत,’ श्रीकांतराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच म्हणाले असतील.

‘धापू चिडली असेल ना?’

‘चिडली असती तर बरं होतं रे!’ आणि तो एवढा मोठा माणूस पेटीवर बसून हमसाहमशी रडायला लागला. ‘उंटाजवळ सोडायला आली. म्हणाली, पुन्हा ये, येताना आधी निरोप धाड. तुझ्यासाठी पाणी राखून ठेवीन.’