ट्यूबची मागची घडी

आमचा नंबर चौदा होता आणि आत सात नंबर गेला होता. मी तिसऱ्यांदा उठून काउंटरवर विचारलं, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "काका, मगाशीही सात होता, आताही सातच आहे. आठ झाला की आठ म्हणून ओरडते." मी परत येऊन बसलो. माझं नाव बाळ, वय बाहत्तर. पुण्यात जन्म गेल्यामुळे एवढा अपमान सहज पचतो. पचत नव्हती ती शेजारची खरखर.

शेजारी माझी नात स्पृहा, वय वर्षे पाच, आईच्या मांडीवर बसून गुडघ्यामागे खाजवत होती. तनुजाने, म्हणजे माझ्या सुनेने, तिचा एक हात धरला की ती दुसऱ्याने सुरू करायची. दोन्ही धरले की पाय पायावर घासायची. चार महिने आमच्या वारज्याच्या घरात दिवसरात्र हाच आवाज होता. इसब. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मानेवर.

"बाबा, निदान तुम्ही तरी स्वस्थ बसा ना," तनुजा म्हणाली.

स्वस्थ कसा बसू? तिच्या पर्समध्ये मलमाची ट्यूब होती, आणि त्या ट्यूबमध्ये काय आहे हे फक्त मला माहीत होतं.

तिशीत मलाही हेच झालं होतं. कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो, हात सतत तेलात. डॉक्टरकडे कोण जातंय! कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज गायब. मग काय, अकरा वर्षं लावली. खाज आली की लाव, डास चावला तरी लाव. आता माझ्या कोपराच्या लवणीतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, कशाला जरा घासली तरी फाटते. आणि खाज आहे ती आहेच. त्या मलमात जबरी स्टिरॉइड होतं, हे फार उशिरा कळलं.

म्हणून चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्पृहाला ट्यूब लिहून दिली, आणि घरी येऊन मी भिंगातून आतला कागद वाचला, त्यातही स्टिरॉइड दिसलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बंगळूरला असलेल्या केदारला, माझ्या मुलाला, फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर तुम्ही आहात की त्या?" मी पुढे वाद घातला नाही. औषधं आणायचं काम तेवढं माझ्याकडे घेतलं. ट्यूब ॲल्युमिनियमची. मागची घडी चिमट्याने उलगडायची, आतलं मलम काढून टाकायचं, अंगाला लावायच्या मोठ्या डब्यातलं साधं पांढरं क्रीम भरायचं, घडी परत दाबायची. टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाची घडी. खुद्द बनवणाऱ्यालाही ओळखता आली नसती. अशा तीन ट्यूब झाल्या.

पोरीला वाचवतोय असं मला खरंच वाटत होतं. निदान पहिला महिना तरी.

पोर बरी होईना तशी तनुजा स्वतःची चूक शोधायला लागली. साबण बदलला. दूध बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद. रोज चादरी गरम पाण्यात. केदार फोनवर विचारायचा, "तू नीट लावतेस ना?" ती म्हणायची, "लावते रे." मी समोर पेपर वाचत असायचो. त्या चार महिन्यांत मी पेपर फार वाचला. गेल्या शुक्रवारी तिने नोकरीचा राजीनामा दिला, मुलीकडे पूर्ण वेळ लक्ष द्यायचं म्हणून. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. इतक्या उशिरा बोललं की लोक पहिलं विचारतात, आधी का नाही बोललात. लाज वाटत होती मला, दुसरं काही नाही.

"चौदा!"

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर बारीक. त्यांनी स्पृहाच्या कोपरावरचे लाल चट्टे दाबून पाहिले, नखं पाहिली.

"मलम रोज दोनदा?"

"रोज दोनदा," तनुजा म्हणाली.

"आंघोळीनंतर लगेच क्रीम?"

"ओलसर अंगावरच. पाच मिनिटंसुद्धा जाऊ देत नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग हे पुरत नाहीये. पोटातून औषध सुरू करावं लागेल. प्रतिकारशक्ती दाबणारं असतं, म्हणून आज रक्त तपासायला घेऊ, पुढेही अधूनमधून घ्यावं लागेल." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली.

रक्त म्हटल्यावर स्पृहाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. तनुजाने विचारलं, "डॉक्टर, माझंच काही चुकतंय का? खरं सांगा. मला राग येणार नाही."

मी उभा राहिलो. "लिहू नका," म्हटलं. "त्या ट्यूबमध्ये औषध नाहीये."

मग सगळं सांगितलं. चिमटा, डबा, घडी, तीन ट्यूब. बाईंनी ट्यूब मागून घेतली आणि उलटी करून पाहिली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला कुठे बघायचं ते तरी कळलं असतं.

"बाही वर करा, काका," बाई म्हणाल्या. मी केली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तुमची भीती खोटी नाही. तुमचं औषध कडक होतं आणि त्याला ना मोजमाप, ना मुदत. हिचं सौम्य आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम घ्यायचं, ते तुमच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. लाली गेली की मी सांगेन तसं कमी करायचं. तुम्ही एक फोन केला असतात तर हे मी तेव्हाच सांगितलं असतं." त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला.

आम्ही रिक्षाने निघालो. मला मनगटाला खाज सुटली होती. "आजोबा, खाजवायचं नाही," स्पृहाने मला दटावलं. वारज्याला उतरल्यावर तनुजाने मेडिकलमधून ट्यूब स्वतः घेतली. आता ती कुलपात जाणार असं मी धरून चाललो होतो. घरात आल्यावर तिने ती माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही लावायची. रोज दोनदा, माझ्यासमोर."

"मी?"

"तुम्हीच. मी चार महिने लावली."

तर्जनीवर पहिल्या पेरापर्यंत मलम काढलं, जास्त झालं ते पुसून पुन्हा मोजून काढलं. घडी दाबताना कधी इतकं मोजावं लागलं नव्हतं. स्पृहाने कोपर पुढे केलं. तनुजा दारात उभी राहून बघत होती, आणि पुढेही रोज दोन्ही वेळा ती तिथेच उभी राहायची.

नवव्या दिवशी सकाळी स्पृहाला शाळेसाठी हलवून उठवावं लागलं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. तनुजा तिच्याजवळ बसली आणि गुडघ्यामागे तळवा फिरवत राहिली. कातडी नुसती कातडी होती, मऊ, जराशी फिकट.

"नऊ दिवस," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढचंही, त्या चार महिन्यांचंही, तिने बोलायला हवं होतं. मी तिथेच उभा राहून वाट पाहिली. ती स्पृहाचा शाळेचा डबा भरायला आत गेली.